वाळूवरची साय

संस्थेच्या हीरकमहोत्सवाची स्मरणिका माझ्या मुलीने मोठ्या हौसेने आणून माझ्या हातात ठेवली. दुष्काळातल्या पाण्याविषयी तिच्यात एक परिच्छेद आहे. चष्मा पुसून मी तो दोनदा वाचला. सांडपाणी गाळून पुन्हा वापरण्याची प्रसूतिगृहातील व्यवस्था कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे निकामी झाली होती आणि ओव्हरसियरसाहेबांनी वेळीच लक्ष घालून ती सुरळीत केली, असे त्यात म्हटले आहे. त्या व्यवस्थेवर कर्मचारी एकच होता. तो मी.

समारंभात तर त्याच्याही पुढची मजल गाठली गेली. आमचे तेव्हाचे माळी, आता चांगले वृद्ध झालेले, शाल खांद्यावर घेऊन उभे राहिले आणि म्हणाले की हवालदार, म्हणजे मी, रजेवर असताना आपण एकट्याने राबून ते पाणी सुधारले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि माझी मुलगी माझे मनगट घट्ट धरून बसली होती, म्हणून मी उठलो नाही.

"सोडून द्या ना, बाबा," ती घरी येताना म्हणाली. "पन्नास वर्षं झाली."

मी सोडून देणारा माणूस नाही. माझ्या हातून चूक झाली होती. ती मी इथे माझ्याच हाताने लिहिणार आहे. पण ती निष्काळजीपणाची नव्हती, नेमकी त्याच्या उलट जातीची होती. हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी स्मरणिका काढू नयेत.

सांगलीहून पूर्वेकडे निघाले की कृष्णाकाठचा ऊस हळूहळू मागे पडतो आणि उघडा माळ लागतो. त्या माळावर आमचे प्रसूतिगृह होते. थोड्याशा खाटांची एक कौलारू इमारत, मागे धुण्याचे दगड, बाजूला कर्मचाऱ्यांच्या चार खोल्या. मी मूळचा लोणंदकडचा. फौजेत पाण्याच्या तुकडीत पंधरा वर्षे काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो होतो आणि पंप, टाक्या व नळ यांची देखभाल करण्यासाठी तिथे लागलो होतो. पत्नी कराडजवळच्या मलकापूरची. आमच्या लग्नाला सात वर्षे झाली होती आणि घरात मूल नव्हते. दोनदा आशा लागली आणि दोनदा मावळली. दुसऱ्या खेपेला तर तालुक्याच्या दवाखान्याकडे जाताना, बैलगाडीतच. त्यानंतर प्रसूतिगृहात नोकरी निघाली आहे असे कळताच मी दुसऱ्या कोणत्याही नोकरीचा विचार केला नाही. माझी खोली आणि प्रसूतीची खोली यांच्यामध्ये साठ पावलांचे अंतर होते. ती पावले मी पहिल्याच दिवशी मोजली होती.

बहात्तर साली पाऊस गेला तो गेलाच. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या एकुलत्या एका विहिरीत दिवसाला जेमतेम काही घागरी पाणी झिरपू लागले. प्रमुख डॉक्टर एक पोक्त, मितभाषी बाई होत्या. त्यांना सगळे डॉक्टरबाईच म्हणत. त्यांनी ठरवले की विहिरीचे पाणी पिण्याला, स्वयंपाकाला आणि प्रसूतीच्या खोलीला. आंघोळीचे आणि धुण्याचे वापरलेले पाणी मात्र गोळा करायचे, गाळायचे, निर्जंतुक करायचे आणि त्यातच पुन्हा चादरी व बाळांची दुपटी धुवायची. सगळेच कपडे उकळत का नव्हता, असे आज शहाणपणाने विचारणाऱ्यांनी त्या साली माळावर सरपण शोधून दाखवावे. उकळले जात ते फक्त प्रसूतीच्या खोलीतले कपडे. आणि संडासाच्या पाण्याचा या व्यवस्थेशी काडीइतकाही संबंध नव्हता. गावगप्पांत आजही तसे सांगितले जाते, म्हणून ठासून लिहितो.

एका वृद्ध इंजिनियरांनी आराखडा काढून दिला. वापरलेले पाणी आधी एका हौदात निवळायचे, तिथे साबणाचा मळ खाली बसायचा. मग ते वाळूच्या टाकीत यायचे. अशा टाक्या दोन होत्या, दगडी बांधणीच्या, एकेकीत एकेक बैलगाडी मावेल एवढ्या. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर येरळेच्या पात्रातून आणून सात वेळा धुतलेली बारीक वाळू आणि वाळूवर कमरेइतके पाणी. ते वाळूतून हळूहळू झिरपून तळाच्या नळाने शेवटच्या हौदात उतरत असे. तिथे मी ब्लीचिंग पावडर कालवून घालत असे. मग काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर समजायचे की जंतू मारून पावडरीची ताकद अजून शिल्लक आहे. पिवळे झाले नाही, तर ती आधीच खर्ची पडली.

इंजिनियर जाताना म्हणाले होते, "नळाची धार फार बारीक झाली की टाकी रिकामी करा आणि वरचा थर रुपयाच्या नाण्याएवढा खरवडून काढा."

धार बारीक होण्याची वाट पाहणे माझ्या स्वभावात नव्हते. फौजेत आमचे गाळणयंत्र आम्ही रोज धूत असू. ज्याच्या यंत्रावर डाग दिसे त्याची सुटी जात असे. मी नियम केला की दर सोमवारी दोन्ही टाक्या खरवडायच्या. रुपयाएवढे नव्हे, चांगले दोन बोटे. गवंड्याची थापी घेऊन मी गुडघ्यांवर बसत असे आणि वाळू अशी काढत असे की तिच्यावर जेवायला बसावे. नळाखाली बादली लावून मी मोठ्याने आकडे मोजत असे. तीस म्हणेपर्यंत बादली भरे, आणि पाणी डोळ्यांना काचेसारखे स्वच्छ दिसे. ओव्हरसियर पाहुण्यांना घेऊन ते दाखवायला येत असत. माझी छाती फुगत असे, हे लपवण्यात अर्थ नाही.

पण सांगलीच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या बाटलीचा निकाल आला : पाणी समाधानकारक नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

मी पावडर वाढवली. नळीतले पाणी पिवळे होईना, म्हणून आणखी वाढवली. मग परटीणबाई दोन्ही हात पुढे करून माझ्यासमोर उभी राहिली.

"हवालदार, ही पावडर हाय का ॲसिड? बघा, सालं निघाली हाताची. आन् दुपटी इरून जाळी झाली त्येंची. उद्या पोरं काय माशाच्या जाळ्यात गुंडाळायची व्हय?"

डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतले. "हवालदार, तान्ह्या बाळांच्या अंगावर पुरळ उठतंय. पावडर वाढवून पाणी शुद्ध होत नाही. फक्त वास येतो. मला पाणी चांगलं हवंय, जळजळीत नको." मग म्हणाल्या, "संस्थेच्या मंडळानं महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर निकाल चांगला आला नाही, तर पाऊस पडेपर्यंत प्रसूतिगृह बंद. तुमच्या घरचे दिवस मला ठाऊक आहेत. म्हणून तुम्हांला आधी सांगते आहे."

माझ्या पत्नीला तेव्हा सातवा संपत आला होता. प्रसूतिगृह बंद म्हणजे पुन्हा बैलगाडी, पुन्हा तोच खडकाळ रस्ता. मी तिला यातले काही सांगितले नाही. परटीणबाईने सांगितले.

त्याच आठवड्यात लोणंदहून तार आली. माझे वडील गेले होते.

थोरला मी. डॉक्टरबाईंनी पत्नीला प्रवासाची सक्त मनाई केली, म्हणून एकटाच गेलो. अग्नी दिला, मुंडण केले, फौजेत पंधरा वर्षे जपलेली मिशी उतरवली. घर भावकीने भरले होते, आणि सगळे निर्णय मलाच घ्यायचे होते. मधे ओव्हरसियरांचा निरोप आला की काम अडले आहे, लवकर या. मी उलट निरोप धाडला की तेरावे झाल्याखेरीज मी हलणार नाही. निघताना आईने एक गाठोडे दिले. त्यात तिचे हिरवे लुगडे होते, धुऊन धुऊन मऊ झालेले.

"मी आता हे नेसत न्हाई," ती म्हणाली. "ह्याची दुपटी शिवायला सांग तिला. माज्या अंगावरचं हाय, ऊब ऱ्हाईल."

तेरा दिवसांनी मी परत आलो, तो प्रवेशद्वारापाशीच डॉक्टरबाई भेटल्या. त्या वडिलांबद्दल दोन चांगले शब्द बोलल्या, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. माझ्या अनुपस्थितीत त्यांनी डाव्या टाकीचे पाणी तपासायला पाठवले होते आणि निकाल आला होता. पाणी समाधानकारक! "माळ्यानं छान सांभाळलं हो," त्या म्हणाल्या.

कल्पना करा. गुळगुळीत डोके, मिशी नाही, खांद्यावर वळकटी, आणि ज्या माणसाला गुलाबाला पाणी घालायची आठवण करून द्यावी लागे, त्याने माझे पाणी सुधारले होते! मी खोलीत वळकटी टाकली, पत्नीला हो-नाही एवढेच बोललो, कोपऱ्यातली थापी उचलली आणि टाक्यांकडे निघालो. सोमवार होता. पावडरीचा डबा हवा होता, पण कोठीची किल्ली माळ्याकडे होती आणि माळी बाजाराला गेला होता, म्हणजे तो संध्याकाळपर्यंत मिळणार नव्हता.

पत्नी माझ्या मागोमाग आली. सुतकामुळे तेरा दिवस तिला कुणी कशाला हात लावू दिला नव्हता, आणि डॉक्टरबाईंनी चालायला बजावले होते. त्यामुळे रोज सकाळ-दुपार ती टाकीच्या कट्ट्यावर येऊन बसत असे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. टाकीत पाहून माझा संताप झाला. वाळूवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला होता, म्हशीच्या दुधावर धरावा तसा.

"ही घाण! आणि याला म्हणतात सांभाळणं!" मी पाणी सोडून देण्याच्या चावीला हात घातला.

"आवं, ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "आज नको."

"आज सोमवार आहे."

"असंल. सोमवार काय पळून जातोय?"

"तू बाजूला हो. पाय घसरेल."

ती बाजूला झाली नाही. अवघडत, पोटाला एका हाताने सांभाळत, ती नेमकी त्या चावीच्या दगडावर बसली. "घ्या. आदी मला खरवडा, मग वाळू खरवडा."

माझ्या हाताखाली चाळीस-चाळीस जवान असत. अशी मोर्चेबांधणी मी पाहिली नव्हती.

"रागाला येऊ नका," ती म्हणाली. "तेरा दिवस हितं बसून बघितलंय मी. माळ्यानं हात म्हणून लावला न्हाई टाकीला."

"मग केलं काय त्याने?"

"बिडी वडली."

"आणि पावडर?"

"वासानं खोकला येतो म्हणून निम्मीच घालायचा. तरी नळीतलं पाणी हळदीवानी पिवळं व्हायचं. मला आणून दाखवायचा, बघा वैनी म्हणून."

यावर मी थांबलो. बाकी सारे मी धुडकावले असते. पण निम्मी पावडर आणि तरीही पिवळे पाणी, हे माझ्या धंद्यातले प्रमाण होते. पाण्यात मळ असला की पावडर मळाशीच झुंजून संपते आणि जंतू मागे सुखरूप राहतात. मळ आधीच गेला असेल, तर चिमूटभरही पुरते. म्हणजे या टाकीतून येणारे पाणी माझ्या काचेसारख्या पाण्याहून खरोखर निर्मळ होते. पण कशामुळे?

ती थराकडे बोट दाखवून म्हणाली, "तिसऱ्या दिवसापास्नं ही साय धरायला लागली. दुपारच्या उन्हाला तिच्यातनं बारीक बारीक बुडबुडं येत्यात. जित्ती हाय ती."

"ती घाण आहे."

"आन् दह्यात दुसरं काय असतंय? तुमी दर सोमवारी विरजणाचं भांडं घासून लख्ख करताय, आन् मंगळवारी दही मागताय."

मी थापी कट्ट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी बसलो. दुसरे करण्याजोगे काही नव्हते. "बादली तरी मोजू," मी म्हणालो. नळाखाली बादली लावली आणि आकडे मोजू लागलो. धार मंद झाली होती. तीस झाले, बादली अजून भरायची होती. चाळीस झाले. सत्तेचाळीसच्या पुढे माझा आकडा चुकला. पुढचे आकडे तिने मोजले.

हे मी केवळ तिच्या शब्दावर मानले असते, तर तो माझ्या कामाचा अपमान ठरला असता. म्हणून मी परीक्षा घेतली. डावी टाकी तिच्या म्हणण्याप्रमाणे राहू दिली. उजवी माझ्या पद्धतीने दोन बोटे खरवडून चकचकीत केली. दोन बाटल्या भरल्या, एकीच्या गळ्यात लाल दोरा, दुसरीच्या पांढरा. कुठला दोरा कुठल्या टाकीचा, हे मी कुणालाच सांगितले नाही. डॉक्टरबाईंनी बाटल्या एसटीने सांगलीला पाठवल्या. निकाल आला. लाल चांगली, पांढरी वाईट. लाल डावीची होती.

मी खोलीत गेलो. पत्नी आईच्या लुगड्याची दुपटी टाचत बसली होती. तिच्यासमोर टाचा जुळवून उभा राहिलो आणि कडक सलाम ठोकला.

तिने सुई थांबवली, माझ्याकडे वर पाहिले आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. "मिशीबिगर शोभत न्हाई हो," ती म्हणाली.

पण काम संपले नव्हते. साय जसजशी जाड होत गेली तसतशी डाव्या टाकीची धार रोडावली. बादलीला साठ आकडे लागू लागले, मग नव्वद. धुण्याला पाणी पुरेना. उजवी टाकी कामाला लावणे भाग होते, आणि तिच्यावर अजून काहीच धरले नव्हते. आपोआप धरेपर्यंत मुदत संपली असती.

"विरजण लावा की," पत्नी म्हणाली. "एका भांड्यातलं दुसऱ्यात."

डाव्या टाकीच्या एका कोपऱ्यातून रुपयाच्या जाडीएवढा थर मी घमेल्यात घेतला. थापी तीच, पण हात असा चालवला की भाकरीवरचा पापुद्रा निघावा. तो पाण्यात कालवून उजव्या टाकीत सोडला. आठवड्याभरात उजवीच्या वाळूवर पिंगट झाक आली. पुढे बऱ्याच वर्षांनी एका तरुण इंजिनियरने मला सांगितले की अशी रीत जगात इतरत्रही आहे. असेल. आमच्याकडे ती चुलीपासून आली.

महिनाअखेर चार दिवसांवर आली असताना ओव्हरसियर टाक्यांवर आले. स्मरणिकेत ज्याला वेळीच लक्ष घालणे म्हटले आहे, ते हेच असावे, कारण त्याआधी किंवा नंतर ते पाहुण्यांशिवाय तिथे आल्याचे मला आठवत नाही. धार पाहून ते भडकले.

"हवालदार, ही काय धार आहे? चिमणीसुद्धा यात न्हाणार नाही! आणि वर हा चिखल! मंडळाचे लोक येऊन पाहतील तर काय म्हणतील? आत्ताच्या आत्ता खरवडा!"

"साहेब, खरवडलं तर निकाल वाईट येईल."

"खरवडायचं म्हणून दर सोमवारी तुम्हीच बोंबलत होतात ना?"

"होय. चुकत होतो."

हे वाक्य उच्चारायला मला किती कष्ट पडले, हे मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. ओव्हरसियर तरी हट्ट सोडीनात. तेव्हा मी थापी त्यांच्यापुढे धरली. "मग साहेब, एक करा. हुकूम लेखी द्या. निकाल वाईट आला आणि दवाखाना बंद पडला, तर तो कागद मी माझ्या बायकोच्या बैलगाडीत बसून वाचीन."

त्यांनी कागद दिला नाही. थापीही घेतली नाही. त्यांचे जे काही मार्गदर्शन म्हणून छापले आहे, ते एवढेच.

त्या चार दिवसांत परटीणबाई आणि मी वाटीवाटीने पाणी वापरले. पावडर पूर्वीच्या पावपट लागत होती आणि तिच्या हातांवर नवी कातडी धरू लागली होती. बाटली गेली. निकाल दुपारच्या एसटीने आला, तेव्हा मी कट्ट्यावर होतो. डॉक्टरबाई स्वतः चालत आल्या. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि टाकीत वाकून त्या सायीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. "दिसते मात्र भयंकर," एवढेच म्हणाल्या.

प्रसूतिगृह चालू राहिले. तरी बायकांच्या मनातली शंका जाईना. एका बाळंतिणीची सासू पडवीत उभी राहून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली, "मोरीच्या पाण्यातलं धुतलेलं फडकं माज्या नातवाला? आमी काय उकिरड्यावर जल्मलो?" माझी पत्नी जवळच बसली होती. ती उठली, खोलीत गेली आणि आईच्या लुगड्याची टाचलेली सगळी दुपटी घेऊन आली. "मावशी, ही माज्या लेकराची. सात वर्सांनी येणार हाय ते," ती म्हणाली, आणि ती दुपटी परटीणबाईच्या टोपलीत सगळ्यांदेखत टाकली. दुसऱ्या दिवशी त्या सासूच्या नातवाची फडकी त्याच टोपलीत होती.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, माझी मुलगी झाली. ती साठ पावले मी त्या दिवशी कितीदा चाललो ते मोजले नाही. डॉक्टरबाईंनी मला दाराशी बोलावले आणि हिरव्या दुपट्यातले ते गाठोडे माझ्या हातावर ठेवले. दुपट्याला उन्हाचा वास होता आणि त्याखाली, अगदी पुसट, पावडरीचा. तिचे अंग नितळ होते. एक पुरळ नाही, एक डाग नाही. माझ्या आईच्या अंगावरचे लुगडे, शंभरदा वापरलेले पाणी आणि त्या लुगड्यात गुंडाळलेले माझे मूल. मला आजवर मिळालेल्या बिल्ल्यांपैकी एकही मी त्याच्या शेजारी ठेवणार नाही.

तर ही हकिगत अशी आहे. ओव्हरसियरांनी काही सुरळीत केले नाही. माळ्याने राबून काही सुधारले नाही. त्याने काहीच केले नाही, आणि ते काहीच न करणे नेमके बरोबर होते, पण शाल घेताना हे त्याला ठाऊक नव्हते. मी निष्काळजी नव्हतो. मी गरजेहून अधिक काळजी घेतली आणि त्या काळजीने पाणी बिघडवले. आणि ज्या व्यक्तीने हे ओळखले, तिचा स्मरणिकेत उल्लेख नाही.

हे सर्व लिहून झाल्यावर मी ते त्या व्यक्तीला वाचून दाखवले. ती शेंगा फोडत बसली होती. शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मान हलवली.

"हे समदं खरं न्हाई," ती म्हणाली.

या वयात घरातूनही! "कोणतं खरं नाही?"

"मला कुठलं कळतंय वाळूतलं? विरजणाचं आपलं त्या वक्ताला तोंडात आलं म्हणून बोलले. माज्या मनात न्हवतंच ते."

"मग चावीवर कशाला बसलीस?"

तिने आणखी एक शेंग फोडली. "तुमचा बा गेलेला. तेरा दिवस पाहुणं सांभाळलं तुमी, आल्या आल्या थापी उचलली. डोळ्यातनं टिपूस न्हवतं काढलं. म्हणलं, ह्यो माणूस घटकाभर बसंल तरी. बसलात. आन् मोजता मोजता रडलात. त्येच्यासाठी बसवलं हुतं."

मी तिला स्पष्ट सांगितले की मी रडलो नव्हतो. डोळ्यांत पावडर गेली होती.

"डबा कोठीत हुता," ती म्हणाली. "आन् किल्ली माळ्याकडं. तुमीच लिवलंय की वर."